गाडी घ्या, पण डोळे उघडे ठेवून : चारचाकीची खरेदी आणि कर्ज यांत पैसे कसे वाचवावेत

आपल्या समाजासाठी वाहन ही कधीच नुसती सोयीची वस्तू नव्हती. १९०१ साली लहानगे भीमराव थोरला भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. अखेर एकाने दुप्पट भाडे घेतले, तेही मुलांनी बैलगाडी स्वतः हाकायची आणि आपण बाजूने पायी चालायचे या अटीवर. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्याने बाबासाहेबांना घेऊन टांगा हाकायला नकार दिला. मग वस्तीतल्याच, सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेब जबर जखमी झाले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे दोन्ही प्रसंग नोंदवून ठेवले आहेत.

म्हणून आज एखाद्या वस्तीत पहिली चारचाकी दारात उभी राहते, तेव्हा सगळ्यांनाच आनंद होतो. तो आनंद रास्तच आहे. पण तेव्हा दुप्पट भाडे जातीमुळे मोजावे लागले, आणि आज आपली अनेक मुले जादा पैसे मोजतात ती केवळ माहिती नसल्यामुळे. घरात यापूर्वी कुणी गाडी घेतलेली नसते, बँकेत ओळखीचे कुणी नसते, आणि शोरूममधला माणूस फक्त एकच प्रश्न विचारतो : “महिन्याला किती हप्ता जमेल?” या प्रश्नातच बहुतेक तोटा दडलेला आहे. गाडी हप्त्यावर नाही, एकूण खर्चावर पारखायची असते. ते कसे करायचे, हे आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत.

आधी ठरवा : गाडी कशासाठी?

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवण्यासाठी. गाडी घेताना ही विभागणी आजही उपयोगी पडते.

घरच्यांना फिरवण्यासाठी घेतलेली गाडी उपभोगाच्या भागात येते. म्हणजे हप्ता, पेट्रोल, विमा आणि सर्व्हिसिंग हे सगळे मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यात बसले पाहिजे, आणि त्याच हिश्श्यात बाकीची हौसमौजही आहे. मुलांच्या शिक्षणाचे किंवा आईवडिलांच्या औषधपाण्याचे पैसे हप्त्यात जात असतील, तर ती गाडी आपल्याला अजून परवडत नाही. टॅक्सीसाठी किंवा मालवाहतुकीसाठी घेतलेली गाडी मात्र कामधंद्याच्या भागात येते. तिचा हिशोब वेगळा, तो पुढे दिला आहे.

कार्यकर्त्यांसाठी आणखी एक गोष्ट. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर आणि अधूनमधून शिबिरे, एवढ्यासाठीच गाडी लागत असेल तर विकत घेण्यापेक्षा चौघांनी मिळून भाड्याने करणे कितीतरी स्वस्त पडते. गाडी उभी असली तरी हप्ता आणि विमा थांबत नाही, आणि तिची किंमतही उतरतच राहते.

किंमत : एक्स-शोरूम आणि ऑन-रोड

जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत. आपण मोजतो ती ऑन-रोड किंमत. तिच्यात रोड टॅक्स, नोंदणी, विमा, फास्टॅग आणि डीलरने घातलेल्या इतर रकमा येतात. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी कर आहे. म्हणजे ८ लाखांच्या गाडीवर ८८ हजार रुपये. हा कर टळत नाही, पण इतर रकमांत घासाघीस करता येते.

• ऑन-रोड किंमतीचा तपशील ओळीओळीने लेखी मागा, आणि किमान तीन डीलरांकडून मागा. शेजारच्या जिल्ह्यातला डीलरही चालतो.

• ‘हँडलिंग चार्ज’ किंवा ‘लॉजिस्टिक चार्ज’ या नावाची ओळ दिसली तर ती काढायला सांगा. हे सरकारी शुल्क नाही.

• विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे, पण तो कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हे आपण ठरवायचे. बाहेरून दोन-तीन दर काढा आणि ते डीलरसमोर ठेवा. मात्र तुलना करताना दोन्हीकडे गाडीची विमा रक्कम, म्हणजे आयडीव्ही, सारखीच आहे ना ते पाहा. ती कमी दाखवली की हप्ता स्वस्त दिसतो आणि चोरीच्या वेळी भरपाई कमी मिळते.

• जुनी गाडी विकून नवी घेत असाल तर जुन्या विम्यावरचा नो-क्लेम बोनस आपल्या नावाने नव्या गाडीला लावता येतो. पाच वर्षे दावा केला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर ही सूट ५० टक्क्यांपर्यंत जाते. बरेच जण ती मागतच नाहीत.

• गाडीची किंमत १० लाखांवर असेल तर विक्रेता १ टक्का टीसीएस कापतो. हा आपला आगाऊ भरलेला आयकर आहे. विवरणपत्र भरून तो वळता करून घ्या किंवा परत मिळवा.

• २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे. यात चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या येतात. लांबी किंवा इंजिन या मर्यादेपलीकडे गेले की कर ४० टक्क्यांवर जातो. म्हणून ‘थोडीशीच मोठी’ गाडी पुष्कळ महाग पडते.

मुहूर्ताचे बंधन आपल्याला नाही, हा तर आपला फायदाच आहे. पाडवा-दसऱ्याला शोरूममध्ये गर्दी असते, तेव्हा विक्रेत्याला सूट द्यायची गरज नसते. महिनाअखेरीस आणि डिसेंबरमध्ये मात्र त्याला विक्रीचा आकडा गाठायचा असतो. डिसेंबरमध्ये घेताना एक लक्षात ठेवा : पुढे विकताना गाडीचे वर्ष पाहिले जाते. म्हणून ती दीर्घकाळ वापरायची असेल आणि सूट भरघोस असेल, तरच घ्या. पैसे देण्यापूर्वी गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली, हेही तपासा.

कर्ज : खरा पैसा येथे जातो

समजा ६ लाखांचे कर्ज आहे आणि व्याज ९.५ टक्के, शिल्लक मुद्दलावर. मुदतीप्रमाणे काय होते ते पाहा.

३ वर्षे : हप्ता सुमारे १९,२०० रुपये, एकूण व्याज सुमारे ९२ हजार.
५ वर्षे : हप्ता सुमारे १२,६०० रुपये, एकूण व्याज सुमारे १ लाख ५६ हजार.
७ वर्षे : हप्ता सुमारे ९,८०० रुपये, एकूण व्याज सुमारे २ लाख २४ हजार.

सात वर्षांचा हप्ता हलका वाटतो, पण पाच वर्षांच्या तुलनेत ६८ हजार रुपये जास्त जातात. शिवाय सातव्या वर्षी गाडी जुनी झालेली असते, दुरुस्ती निघते आणि हप्ता चालूच असतो. आमचा सल्ला असा : मुदत पाच वर्षांच्या पुढे नेऊ नका. पाच वर्षांत हप्ता बसत नसेल तर मुदत नाही, गाडी लहान करा.

दुसरा सापळा ‘फ्लॅट’ व्याजाचा. काही फायनान्स कंपन्या, विशेषतः जुन्या गाड्यांवर, “फक्त ७ टक्के” म्हणतात. हे व्याज पूर्ण मुद्दलावर शेवटपर्यंत धरलेले असते, तुम्ही अर्धे कर्ज फेडले तरी. ६ लाखांवर ७ टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांत २ लाख १० हजार व्याज आणि हप्ता १३,५०० रुपये. शिल्लक मुद्दलावरच्या हिशोबाने हा दर सुमारे साडेबारा टक्के पडतो. म्हणजे ‘७ टक्क्यां’चे कर्ज ‘साडेनऊ टक्क्यां’च्या कर्जापेक्षा ५४ हजारांनी महाग!

यावर रिझर्व्ह बँकेने आपल्या हाती एक साधन दिले आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक बँकेने आणि फायनान्स कंपनीने कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यात व्याज, प्रोसेसिंग फी आणि इतर खर्च धरून खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहावा लागतो. हे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे. ते मराठीत मागायला संकोच करू नका. ते मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्यात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. दोन संस्थांची तुलना एपीआरवरच करा.

कर्जासोबत ‘सुरक्षा विमा’ जोडला असेल तर त्याची रक्कम विचारा आणि नको असल्यास काढायला लावा. मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड किती, हेही आधीच विचारा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर असा दंड लावता येत नाही. स्थिर दराच्या कर्जावर मात्र करारानुसार लागू शकतो.

अर्ज करण्याआधी आपला क्रेडिट अहवाल पाहा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. फेडलेले जुने कर्ज चालू दाखवले असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. आणि शोरूममधल्या एजंटाआधी, जिथे आपला पगार जमा होतो त्या बँकेत विचारा.

जुनी गाडी घेताना

नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वात वेगाने उतरते. म्हणून तीन-चार वर्षे वापरलेली गाडी हा पहिल्या खरेदीसाठी चांगला पर्याय आहे. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ई-चलन थकले आहे का आणि विमा चालू आहे का, हे वाहन पोर्टलवर तपासा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण तिला एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो. तो धरूनच किंमत ठरवा.

व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्या. विकणाऱ्यासाठी तर हे फारच महत्त्वाचे आहे. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

पोट भरण्यासाठी गाडी घेताना

टॅक्सी किंवा टेम्पोसाठी गाडी घेत असाल तर ती व्यावसायिक नोंदणीचीच घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवली तर दंड होतो आणि अपघातात विम्याचा दावा अडकतो. मुद्रा योजनेत वाहतुकीच्या वाहनासाठी तारण न देता कर्ज मिळते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. त्याच्या बीजभांडवल योजनेत बँक ७५ टक्के, महामंडळ २० टक्के आणि अर्जदार ५ टक्के असा वाटा असतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, परवाना आणि डीलरचे कोटेशन घेऊन थेट जिल्हा कार्यालयात जा. मध्ये दलाल नको. आणि कर्जाआधी काम पक्के करा : कोणत्या मार्गावर, कुणाकडे, महिन्याला किती फेऱ्या. पावसाळ्यात धंदा मंदावतो, म्हणून दोन-तीन हप्ते हाताशी ठेवूनच सुरुवात करा.

जामीन आणि ‘तुझ्या नावावर घेऊ’

आपल्याकडे नात्याखातर, चळवळीतल्या सोबत्याखातर सही दिली जाते. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट तुमच्याकडे वसुली करू शकते. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर कर्ज काढणे तर त्याहून घातक. हप्ता थकला की तुमचा क्रेडिट अहवाल बिघडतो, आणि उद्या मुलीच्या शिक्षणाचे कर्ज अडते. नकार देणे म्हणजे नाते तोडणे नव्हे.

हप्ता थकला तर

लपू नका. पहिला हप्ता चुकण्याआधीच बँकेला लेखी कळवा आणि मुदत वाढवून मागा. वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दमदाटीने गाडी ओढून नेणे बेकायदा आहे. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. कर्ज फिटले की बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. तोवर गाडी कागदावर पुरती आपली होत नाही.

सही करण्यापूर्वी पाच प्रश्न

१. ऑन-रोड किंमतीतली प्रत्येक ओळ मला समजली का?
२. एपीआर किती, आणि शेवटपर्यंत एकूण किती रुपये जाणार?
३. व्याज फ्लॅट आहे की शिल्लक मुद्दलावर?
४. लवकर फेडले तर दंड किती?
५. तीन महिने पगार थांबला तर हप्ता कुठून भरणार?

अंगुत्तर निकायात तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. संपत्ती असण्याचे सुख, ती उपभोगण्याचे सुख, कुणाचे ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष जगण्याचे सुख. गाडीने दुसरे सुख मिळते. ते घेताना तिसरे गमावू नये, एवढीच काळजी घ्या. या पाचपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नसेल, तर त्या दिवशी सही न करता घरी या. शोरूम दुसऱ्या दिवशीही उघडेच असते.

जय भीम, नमो बुद्धाय!