रेसकडे पाठ करून

बहरीनच्या फॉर्म्युला वनचा विषय निघाला की आपल्या लोकांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते: तिथे जिंकणारे शॅम्पेन उडवत नाहीत. खरं आहे. ४ एप्रिल २००४ रोजी साखिरच्या वाळवंटात मध्यपूर्वेतली पहिली ग्रां प्री झाली, शूमाखर जिंकला, आणि तिथल्या पोडियमवर गुलाबपाण्याचं बिनदारूचं पेय उडवायची रीत पडली. (अरब जगातली पहिली मात्र ही नव्हे, १९५८ साली कासाब्लांकाला एक होऊन गेली होती.) मनामाच्या हॉटेलांत दारू राजरोस मिळते, हे सांगायचं तेवढं राहून जातं. २०२४ ची रेस रविवारऐवजी शनिवारी झाली, कारण पुढच्या आठवड्यातली जेद्दाहची रेस रमजानआधी उरकायची होती. त्याचंही कौतुक झालं.

मला कौतुकाचं वावडं नाही. पण या सर्किटचा इतिहास गुलाबपाण्यात मावत नाही.

बहरीनशी आपलं नातं तेलाच्या आधीचं. तिथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. १९३२ मध्ये तिथे तेल लागलं, तरी १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत व्यवहार रुपयातच चालत. नंतर आमच्या खेड-दापोलीची माणसं तिथे गेली ती दुकानांत, गोदामांत, ड्रायव्हर म्हणून. मीही गेलो, आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये एका कंत्राटदाराने आम्हाला तीन दिवसांसाठी अशर म्हणून सर्किटवर नेलं. अशर म्हणजे प्रेक्षकाचं तिकीट पाहून त्याला ब्लॉक, रांग, खुर्ची दाखवणारा. सूचना सोप्या होत्या: जिन्यात कुणाला उभं राहू द्यायचं नाही, पोरांना जाळीजवळ जाऊ द्यायचं नाही, आणि गाड्यांकडे पाहत बसायचं नाही. गर्दीकडे तोंड, रेसकडे पाठ.

माझा स्टँड पहिल्या वळणावर होता. त्या वर्षी नवी टर्बो इंजिनं आली होती, आवाज बराच कमी झाला होता. लोक पैसे वाया गेल्यासारखे कुरकुरत होते. निम्म्याहून अधिक रेस झाल्यावर समोरचे सगळे एकदम उभे राहिले. कुणी ओरडलं नाही. एका बाईने मुलाच्या डोळ्यांवर हात ठेवला. माझ्या मागे माल्दोनादोच्या धडकेने गुतिएरेझची गाडी हवेत उलटली होती, हे मी नंतर पडद्यावर पाहिलं. तो धडधाकट बाहेर आला, तेव्हा समोरचे लोक टाळ्या वाजवत खाली बसले. हॅमिल्टन आणि रोझबर्गची त्या रात्रीची झुंज जाणकार अजून आठवतात. मला ती ठाऊक आहे ती लोकांच्या चेहऱ्यांवरून.

आता गाळलेलं पान. १५ फेब्रुवारी २०११ ला मनामाच्या पर्ल चौकात निदर्शनं सुरू झाली. बहुतेक निदर्शक शिया होते. देशातले बहुसंख्य मुसलमान शिया, राजघराणं सुन्नी. मार्चमधली रेस रद्द झाली. चौकातलं मोत्याचं स्मारक सरकारने पाडून टाकलं. पकडलेल्यांत आणि कामावरून काढलेल्यांत सर्किटचे कर्मचारीही होते. २०१२ मध्ये रेस परत आली ती राष्ट्रीय एकतेची घोषणा घेऊन, आणि तिच्या आदल्या दिवशी एका निदर्शकाचं प्रेत सापडलं. आपल्याकडे यावर फार बोललं गेलं नाही. बोललं गेलं तेही बहुधा 'त्यांचं शिया-सुन्नी' म्हणून झटकून टाकायला. नोकरी जाणं, कोठडीत जाणं हे फिरक्याचं भांडण कसं होतं, मला कळलेलं नाही.

माझ्या जोडीला जिन्यावर एक बहरीनी मुलगा होता, शिया. २०१४ पासून रेस दिव्यांच्या उजेडात होऊ लागली. सुरुवात संध्याकाळी सहाला, म्हणजे ऐन मगरिबला. आम्ही कोकणी शाफई, सूर्य बुडाला की उभे राहतो. शिया आभाळातली लाली जाईपर्यंत थांबतात. त्या दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने आमची सोय केली. आधी मी स्टँडमागे चादर पसरून नमाज पढलो, तो जिना सांभाळत होता. मग तो गेला, मी सांभाळला. चादर एकच होती. तो मातीची छोटी टिकली खिशातून काढून सजद्याच्या जागी ठेवायचा.

रेसनंतर बसची वाट पाहताना त्याने सांगितलं, त्याच्या मोठ्या भावाची नोकरी २०११ मध्ये गेली. मी विचारलं, कुठे होती? त्याने झगमगणाऱ्या दिव्यांकडे पाहिलं आणि माझ्या गावाबद्दल विचारू लागला.