काझीरंगा : एका अरण्याचीं नांवें

अरण्यास इतिहास असतो कीं काय, असें कोणी विचारलें असतें तर आम्ही पूर्वीं हंसलों असतों. इतिहास मनुष्याचा, अरण्यास केवळ वय असतें, अशी आमची समजूत होती. गेल्या मकरसंक्रांतीच्या सुमारास आसामांतील काझीरंगा पाहण्याचा योग आला, आणि ती समजूत टिकली नाहीं.

कोहरा येथें पहांटेच्या धुक्यांत आम्ही हत्तीवर बसलों. गवत एवढें उंच कीं, हत्तीवर बसलेल्याच्याही पायांस त्याचे शेंडे लागावे. धुकें विरूं लागलें तों एक गेंडा पिलासह बाहेर आला. कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या, पण चाल मात्र आपल्या शेतांतून फिरणाऱ्या गृहस्थासारखी निवांत. इ. स. २०२२ च्या गणनेंत येथें २,६१३ गेंडे आढळले. विसाव्या शतकाच्या आरंभीं ते बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते.

मधल्या काळाची हकीकत या अरण्याच्या नांवांवरून कळते. १ जून १९०५ रोजीं २३२ चौरस किलोमीटर भूमि राखीव वनासाठीं योजिली गेली. १९०८ त तें राखीव वन झालें. १९१६ त त्यास ‘गेम सँक्च्युअरी’ हें नांव मिळालें. ‘गेम’ म्हणजे शिकारीचें जनावर. तेव्हां राखण कोणाच्या सुखासाठीं, हें नांवांतच उघड होतें. १९३८ त शिकार बंद होऊन प्रवाशांस दार उघडलें. १९५० सालीं वनाधिकारी पी. डी. स्ट्रेसी यांनीं तो शिकारीचा वास असलेला शब्द काढून टाकला व ‘वन्यजीव अभयारण्य’ असें नांव ठेवविलें. १९७४ त राष्ट्रीय उद्यान झालें आणि १९८५ त युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. एक शब्द बदलण्यास चौतीस वर्षें लागलीं, हें वाचकांनीं क्षुल्लक समजूं नये. ज्याच्याकडे सावज म्हणून पाहिलें, त्याच्याकडे जीव म्हणून पाहण्यास मनुष्यास तेवढा काळ लागला.

त्याच सायंकाळीं जवळच्या एका गांवीं आम्हांस ‘उरुके’चें आमंत्रण होतें. आपली संक्रांत ती त्यांची माघ बिहू; तिच्या आदल्या रात्रीं सुगीचें सामुदायिक भोजन होतें, तीच उरुका. गवत व बांबू यांच्या भेलाघराजवळ मासे आणि भात शिजत होता. यजमानांनीं लाल कांठाचा गामोसा गळ्यांत घालून तामूल-पान पुढें केलें. तिळाचा पिठा खातांना आमच्या मंडळींस घरच्या तिळगुळाची आठवण झाली. शेजारींच नामघर होतें. श्रीमंत शंकरदेवांच्या (१४४९–१५६८) पंथाचें हें कीर्तनगृह. आंत मूर्ति नाहीं, आसनावर पोथी. अभंग ऐकत वाढलेल्या आम्हांस तेथें परकें वाटलें नाहीं.

शेकोटीपाशीं आम्ही पुस्तकांत वाचलेली कथा काढली. १९०४ सालीं लॉर्ड कर्झन यांच्या पत्नी मेरी कर्झन येथें आल्या, त्यांस गेंडा दिसला नाहीं, नुसत्या पाऊलखुणा दिसल्या; म्हणून त्यांनीं पतीपाशीं शब्द टाकला, अशी ती कथा. यजमान हंसले. “आणि त्या खुणा बाईंना दाखविल्या कोणीं? आमच्या निगोना शिकाऱ्यानें!” गांवोगांवीं ही गोष्ट अशीच सांगतात, आमच्या पुस्तकांत मात्र तें नांव नव्हतें.

मग पुराचा विषय निघाला. ब्रह्मपुत्रा पावसाळ्यांत या रानावर चढते. २०१७ च्या पुरांत शेंकडों पशु मेले. आम्ही हळहळ दाखवूं लागलों, तों ते म्हणाले, “पूर नाहीं तर गवत नाहीं, आणि गवत नाहीं तर गेंडा नाहीं.” बोलणें यथार्थ आहे. पुराचा गाळ भूमीस नवा कस देतो, पाणी तळीं भरतें, आणि झाडोरा माजून गवत नाहींसें होत नाहीं. अडचण पुराची नव्हे, पुरांतून निघण्याच्या वाटेची आहे. पाणी चढलें कीं पशु दक्षिणेस कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे धांवतात; मध्यें महामार्ग, दुकानें, विश्रामगृहें. २०१९ त सर्वोच्च न्यायालयानें अशा नऊ वाटांवर नवें बांधकाम करण्यास मनाई केली.

परंतु राखणीची किंमत कोणी द्यावयाची, हाही प्रश्न आहेच. २०१६ त कडेच्या वस्त्या उठवितांना पोलिसांच्या गोळीबारांत दोन माणसें मेलीं. पशूंस वाट हवी म्हणून गरिबाचें घर उठतें, आणि प्रवाशाचें विश्रामगृह उभें राहतें, हें न्यायाचें कसें म्हणावें?

दुसऱ्या दिवशीं पहांटे शेतांत मेजी पेटली. सर्वांनीं अग्नीस नमस्कार केला, आम्हीही केला. परततांना आम्ही यजमानांस विचारलें, आमचें विश्रामगृह कोठें उभें आहे? त्यांनीं प्रथम टेकडीकडे हात केला, मग रानाकडे. “हत्ती पूर्वीं येथूनच जात,” ते म्हणाले, आणि पुन्हां एकदां आम्हांस तामूल दिलें.