बिऱ्हाड : नव्या संसाराचा जन्म

‘संसार दोघांचा असतो’ हे आज आपण इतक्या सहजपणे म्हणतो की, ही कल्पना फार पुरातन असावी असे वाटते. वस्तुतः महाराष्ट्राच्या पांढरपेशा समाजात ती रुजू लागली त्याला जेमतेम दीडशे वर्षे झाली.

त्यापूर्वी संसार असे तो घराण्याचा. एक वाडा, एक चूल, एक कर्ता पुरुष. विवाहाने दोन कुळे जोडली जात. नवराबायकोचे सख्य जमले तर तो वरचा लाभ. वडीलधाऱ्यांदेखत पतीशी बोलणे हा मर्यादाभंग समजला जाई. त्या व्यवस्थेत म्हाताऱ्याला आणि पोरक्याला पानावर जागा होती, हे आपण विसरू नये. पण घरात आलेल्या सुनेच्या मनाला तेथे जागा नव्हती.

१८७३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांचा रमाबाईंशी विवाह झाला, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते आणि त्या ११ वर्षांच्या. रानड्यांनी पत्नीला शिकवावयास घेतले. घरातील बायकांना ते रुचले नाही. नवरा शिकवतो म्हणून शिकावे की सासरच्या बायका रागावतात म्हणून पाटी ठेवून द्यावी, हा पेच रमाबाईंनी आपल्या आठवणींत नोंदवला आहे. १८७८ मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली आणि तेथे हा अभ्यास पुष्कळ मोकळेपणाने चालू शकला. आमच्या मते, नव्या संसाराच्या इतिहासात ग्रंथांइतकेच महत्त्व या बदलीच्या हुकमाला आहे. पगाराची नोकरी, आगगाडी आणि परगावचे भाड्याचे बिऱ्हाड यांनी नवराबायकोला प्रथमच एकमेकांशी बोलण्याइतका एकांत दिला.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीत हेच दिसते. १८९० पासून ती ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. यमूचे सुखाचे दिवस मुंबईच्या बिऱ्हाडातले. पती जाताच ती पुन्हा पुण्याच्या घरात येते आणि तिचे केशवपन होते. सख्य होते, परंतु त्याला आधार एका माणसाच्या आयुष्याचा होता, हक्काचा नव्हता.

हक्काचा प्रश्न उघडपणे उभा केला रखमाबाईंनी. बालपणी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. १८८४ मध्ये त्यांच्यावर दावा झाला. १८८७ मध्ये न्यायालयाने ‘नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात’ असा निकाल दिला; त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. पत्नीची संमती हवी, हे या एका नकाराने महाराष्ट्राला ऐकावे लागले.

हा आदर्श सर्वांच्या वाट्याला मात्र आला नाही. गिरणगावात कोकणातला गडी एका खोलीत दहाजणांबरोबर राही, खानावळीत जेवी आणि मनिऑर्डर गावी धाडी. त्याची बायको शेत, सासूसासरे आणि मुले सांभाळी. दोघांच्या संसाराला दोघांनी एकत्र राहण्याइतकी जागा लागते; ती त्यांना मिळाली नाही.

कायदा सावकाश मागून आला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व आणि घटस्फोट आणला. १९५६ च्या कायद्याने मुलीला वारसा दिला. वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये आला.

तेव्हा दोघांचे कुटुंब ही आपली सनातन परंपरा नव्हे, आणि परकीयांची नक्कलही नव्हे. कोणी रागे भरत असता गिरवलेल्या पाटीतून आणि न्यायालयातल्या नकारातून ते घडले आहे. वाड्यातून बिऱ्हाडात येताना आपण सुनेला मोकळे केले. पण पानावरची म्हाताऱ्याची जागा बरोबर आणली काय, याचा हिशेब अजून आपल्याकडे थकलेला आहे.