शतावरी कल्प : गरोदरपणातील वापर
शतावरी या काटेरी वेलीच्या झुबक्याने वाढणाऱ्या पांढरट मुळ्यांपासून केलेले दाणेदार, गोड औषध. मुळ्यांचा रस किंवा चूर्ण साखरेच्या पाकात आटवून त्यात वेलदोडा घालतात. महाराष्ट्रात गरोदर व बाळंत स्त्रीला तो कोमट दुधातून देण्याची रीत जुनी आहे. अंगावरचे दूध वाढावे, हा मुख्य हेतू. गर्भावरील परिणामांचा माणसांतील अभ्यास मात्र फारच तोकडा आहे. कल्पात साखर भरपूर असते, म्हणून गरोदरपणातील मधुमेहात तो टाळणेच बरे. खाऊसारखा वाटत असल्याने तपासणीच्या वेळी त्याचा उल्लेख राहून जातो. तो आवर्जून करावा. काही आयुर्वेदिक औषधांतील शिसे हा वेगळा धोका. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये भारतातून आणलेली अशी औषधे घेतलेल्या सहा गर्भवतींना शिशाची विषबाधा झाल्याची नोंद आहे.