जयपूर फूट
पाय गमावलेल्यांसाठी भारतात घडवलेले रबरी कृत्रिम पाऊल. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ते १९६८ च्या सुमारास विकसित केले. तोवर मिळणारे पाश्चात्त्य पाऊल बुटात घालण्यासाठी बनवलेले, घोट्यात जवळजवळ न वाकणारे होते. ते लावून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, अनवाणी शेतातल्या चिखलात उतरता येत नसे. त्यामुळे रुग्ण ते बाजूला ठेवून पुन्हा कुबड्या घेत. दोष रुग्णांचा नव्हता, रचनेचा होता. हे ओळखणे हीच या कामातली खरी झेप होय. नव्या पावलात स्पंज रबर व लाकडाचे ठोकळे वल्कनीकृत रबराच्या कातडीवजा आवरणात बसवले. ते अनेक दिशांना वाकते, भिजले तरी चालते, दिसतेही खऱ्या पावलासारखे, आणि बूट लागत नाही. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मा यांच्या हातांचे श्रेयही तितक्याच ठळकपणे नोंदवायला हवे. १९७५ मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाऊल विनामूल्य बसवते.