विटाळलेला धागा

कामगारांचे कौतुक करा, म्हणजे त्यांना कामाची जागा आपली वाटेल, असा उपदेश हल्ली व्यवस्थापनाची पुस्तके करतात. मी इतिहासाचा शिक्षक आहे. ज्याला कामाच्या जागी माणूस म्हणूनच मोजले नाही त्याचे कौतुक कसे करणार, हा माझा प्रश्न आहे. त्यासाठी मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास पाहावा लागतो.

यंत्रापुढे जात टिकत नाही, असे आपल्या कामगार चळवळीने बराच काळ मानले. पण गिरणीत जात होती. अस्पृश्य कामगार मुख्यतः सूतकताईच्या रिंग खात्यात असे. विणकाम खाते त्याला बंद होते. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा विणकर तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून काढी. अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा सवर्ण विणकराला विटाळ वाटे. त्याच्या हातांनी कातलेले सूत चालत होते, त्याचे ओठ चालत नव्हते! विणकरांची मजुरी रिंग खात्यापेक्षा अधिक. म्हणजे विटाळ सवर्णांचा आणि त्याचे पैसे मात्र दर पगाराला अस्पृश्याच्या खिशातून कापले जात होते.

१९२८ साली गिरणी कामगारांचा संप सुमारे सहा महिने चालला. विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करावे, ही मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडली. मालकांशी लढायला सिद्ध झालेले पुढारी या एका मागणीपाशी अडखळले. कारण तिथे समोर मालक नव्हता, शेजारच्या मागावरचा कामगारबंधू होता.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. तिथलेच त्यांचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमन राहतो. त्याला पोर्टरची जागाही मिळत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरकाम करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. एका माणसाच्या चुलीने दुसऱ्याची बढती रोखली होती.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांनी श्रमाची थोरवी गाणारी भाषणे देऊन भागवले नाही. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगाराची कदर कायद्यात उतरली ती अशी.

आज काय दिसते? हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. २०१९ च्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारात मरणाऱ्यांच्या वारसांची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर न्यावी लागली. पाय धुतले गेले, पण त्या पायांना गटारात उतरणे चुकले नाही.

म्हणून कोणत्याही कचेरीत, कारखान्यात वा महाविद्यालयात सत्काराची शाल पाहून मी भारावत नाही. पाण्याचा माठ एकच आहे का, बढतीची यादी कुठे अडते, धोक्याचे काम कोणाच्या वाट्याला येते, हे मी आधी विचारतो. आपणही विचारावे. सत्कार त्यानंतर.