तलाव कोणी बांधला?

परवा रात्री टीव्हीवर गोल्फची स्पर्धा लागली होती. खेळातलं मला काडीचंही कळत नाही. मे महिन्यात आपल्या चंद्रपुरात गवताची काडी हिरवी राहत नाही, त्यात कुठलं गोल्फ! पण समालोचक खेळाडूला सोडून बराच वेळ मैदानाबद्दलच बोलत होता. हा उतार असा का ठेवला, तळं नेमकं इथंच का. जमिनीचं एवढं कौतुक कशाला, म्हणून मग वाचत बसलो.

अलिस्टर मॅकेन्झी नावाचा एक माणूस होता. पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात ब्रिटिश सैन्यात सर्जन होता. बोअर लोक जमिनीच्या चढउतारात असे लपायचे की समोर कोणी आहे हेच कळायचं नाही. ते त्याच्या मनात बसलं. पुढे डॉक्टरकी सोडून तो गोल्फची मैदानं आखू लागला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाने घडवलेली जमीन निसर्गानेच घडवल्यासारखी वाटली पाहिजे. अमेरिकेतलं प्रसिद्ध ऑगस्टा नॅशनल मैदान त्याने बॉबी जोन्ससोबत आखलं. ते १९३३ मध्ये खुलं झालं आणि १९३४ च्या जानेवारीत मॅकेन्झी वारला. तिथली पहिली मोठी स्पर्धा त्याला बघायला मिळाली नाही. पण २००५ मध्ये गोल्फच्या जागतिक कीर्तिदालनात त्याचं नाव लागलं, ते मैदान आखणारा म्हणून.

हे वाचलं आणि मला माझीच एक जुनी बातमी आठवली.

पत्रकारितेत नवीन होतो. नागभीड-सिंदेवाही भागात एका गावचा तलाव फुटला, धानाच्या बांध्या वाहून गेल्या. मी बातमी दिली, "गावालगतचा नैसर्गिक तलाव फुटला." दोन दिवसांनी पुन्हा त्या गावात गेलो तर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पेपर समोर धरला. म्हणाला, "पेपरवाले भाऊ, तलाव का आपल्या मनानं होते का जी?"

मग तो मला पाळीवर घेऊन गेला. जे मी डोंगराचा भाग समजत होतो, ती माणसांनी टाकलेली माती होती. दोन टेकड्यांच्या मधली नेमकी अरुंद जागा हेरून तिथे आडवी पाळ घातलेली. पाण्याचा जोर पेलायला आतल्या अंगाला दगड. माती धरून ठेवायला वर झाडं. जास्तीचं पाणी जायला एका कडेला, पक्क्या जमिनीवर सांडवा, म्हणजे पुराचं पाणी पाळीवरून जाणार नाही. आणि पाणी सोडायला तुडूम. एकाखाली एक भोकं. वरचं भोक आधी उघडायचं, पाणी उतरलं की त्याखालचं. पंप नाही, वीज नाही. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या तलावात, तिथून पुढच्या बोडीत. सगळं उतारावर चालतं.

"कोणी बांधला?" मी विचारलं. तो म्हणाला, "आमच्या बुढ्यांनी." नाव त्यालाही माहीत नव्हतं.

आता थोडा इतिहास. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव मोजले जातात. चांद्याच्या गोंड राजांचं धोरण असं सांगतात, की जंगल तोडून जो गाव वसवेल त्याला गावची पाटीलकी आणि जो तलाव बांधेल त्याला तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. मेजर ल्यूसी स्मिथ याने १८६९ मध्ये चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला, त्यात गोंड राजवटीच्या या परंपरा त्याने नोंदवून ठेवल्या. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा. गोंड राजाने काशीहून त्यांना आणलं अशी कथा आहे. कथा खरी असो नसो, पाणी कुठून येईल, कुठे थांबेल आणि कुठे जाईल हे नुसत्या नजरेने ओळखणारी ती माणसं होती.

१७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, पुढे इंग्रजांकडे. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मालगुजारांना गावांचे मालकी हक्क दिले. गावासोबत तलावही त्यांच्या नावावर. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून कागदावर ते "माजी मालगुजारी तलाव", थोडक्यात "मामा तलाव". नाव ऐकायला गोड आहे. पण बघा, यातले कितीतरी तलाव मालगुजारीपेक्षा जुने. मालकाचं नाव चिकटलं, बांधणाऱ्याचं पुसलं.

मालगुजारी म्हणजे काही रामराज्य नव्हतं. पाळीवर टोपल्या वाहणारे हात गोरगरिबांचे होते आणि पाण्यावर शब्द चालायचा तो पाटलाचा, मालगुजाराचा. हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण म्हणूनच तर बांधणाऱ्यांची आठवण जास्त ठेवायला पाहिजे.

शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात याला एक सुंदर अपवाद आहे. नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. लोकांनी त्यांना कोलासूर देव केलं, तलावाच्या काठी त्यांचं ठाणं आहे. भोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात, आणि त्या बहिणींनी तलाव बांधायला मदत केली अशी कथा आहे. माझ्या मते रचनाकाराचा याहून मोठा सन्मान नाही. जमिनीच्या ज्या आकारामुळे तलाव शक्य झाला, त्या आकारालासुद्धा लोकांनी श्रेय दिलं.

आपल्याकडे उलटं आहे. चंद्रपूरचा परकोट दगडाचा, म्हणून तो इतिहास. जटपुरा गेट, पठाणपुरा गेट, फोटो काढायला आपण जातो. इको-प्रोच्या पोरांनी २०१७ पासून परकोट साफ केला, त्याचं देशभर कौतुक झालं आणि ते व्हायलाच पाहिजे. पण परकोटाच्या आतल्या रामाळा तलावासाठी त्याच संस्थेच्या बंडू धोतरेंना २०२१ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. एकाच राजवटीचा वारसा. दगडाला मान, पाण्याला नाली.

खेड्यांतही तेच. पाळीवरचा मुरूम नेला तर कोणाला चोरी वाटत नाही. पाणी येण्याच्या वाटेवर प्लॉट पाडले तर कोणी विचारत नाही. दुरुस्तीत तुडूम फोडून लोखंडी गेट बसवलं की काम झालं, बिल निघालं. कारण आपण सगळ्यांनी मनात धरून ठेवलंय की हा तलाव म्हणजे पाणी साचलेला खड्डा. खड्डा बुजवला तर काय बिघडलं?

मॅकेन्झीला हात दिसू द्यायचा नव्हता. आपल्या पूर्वजांचाही हात दिसत नाही. फरक एवढाच, की तिकडे त्याचं नाव लिहून ठेवलं आणि इकडे माझ्यासारख्या पत्रकाराने "नैसर्गिक" लिहून मोकळं व्हायचं. ती चूक मी छापून केली होती, आज दुरुस्त करतोय.

एक विनंती. तुमच्या गावच्या तलावाचं नाव काय, तो कोणी बांधला म्हणून सांगतात, तुडूम अजून शाबूत आहे का, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि खाली लिहा. ती माणसं आहेत तोवर विचारा. नंतर सांगायला कोणी राहणार नाही.